उजवीकडून सुरू होणारं पुस्तक

सगुणा नाखवा जपानला जाऊन कराटे शिकून आल्या होत्या, असं ठाण्याच्या वर्तकनगरात निदान पाच जणांनी मला सांगितलं. त्यांचा पासपोर्ट कधी निघालाच नव्हता. त्यांच्या शिक्षणाचा खात्रीचा पुरावा एकच: निळ्या कापडी बांधणीचं एक जपानी पुस्तक. बोटीवर खलाशी असलेल्या त्यांच्या भावाने, गोमाजीने, ते १९८१ साली योकोहामाहून आणलं. आत बॉलपेनने 'सगुणाला' असं लिहिलेलं आहे आणि खाली सगुणाबाईंनी स्वतःचं नाव व तारीख घातली आहे.

पुस्तकात प्रत्येक पानावर छायाचित्रांची एकच ओळ आहे, क्रमाचे आकडे नाहीत. वागळे इस्टेटमधल्या औषध कंपनीत पॅकिंगचं काम संपवून चेंदणी कोळीवाड्यातल्या घरी परतल्यावर सगुणाबाई गच्चीत ते पुस्तक उघडून उभ्या राहत. तीन वर्षांनी, १९८४ साली, वर्तकनगरातल्या एका पटांगणात त्यांनी मुलींचा वर्ग सुरू केला. रंगीत पट्टे विकत मिळत नसत. वडिलांची जाळी ज्या पातेल्यात रंगवली जात, त्यातच त्या पट्टे रंगवीत.

मुख्य धडा 'काता'चा, म्हणजे ठरलेल्या क्रमाने हात-पाय चालवण्याचा. तो त्यांनी सहा वर्षं शिकवला.

१९९० मध्ये डोंबिवलीत एका कराटे संघटनेने परीक्षा ठेवली. पास होणाऱ्या मुलीला राज्य स्पर्धेत उतरता येणार होतं. सगुणाबाई बारा मुली घेऊन गेल्या. पहिली उभी राहिली ती सुमेधा. तिने ठोसा मारला, मग बचाव केला, मग मागे सरकली. परीक्षकांनी हात वर केला.

"काता बचावाने सुरू होते. हे तुला कोणी शिकवलं?"

"सगुणाताईंनी."

मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "अरे, कॅसेट रिवाइंड झाली रे!" हॉल हसला.

सगुणाबाईंनी आपण पुस्तकातून शिकल्याचं सांगितलं; परीक्षकांनी ते मागवलं. सगुणाबाई ज्याला शेवटचं पान म्हणत, तिथून त्यांनी ते उघडलं.

"बाई, हे पुस्तक उजवीकडून वाचतात. तुम्ही शेवटापासून सुरुवात केलीत."

सगुणाबाईंनी चपला काढल्या, पदर खोचला आणि सगळ्यांदेखत दुसऱ्या टोकापासून काता करायला सुरुवात केली. तिसऱ्या पवित्र्यावर पाय अडला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडला. तिसऱ्या वेळी तोल जाऊन त्या गुडघ्यावर आल्या. आता कुणी हसलं नाही.

"मना नापास करा," त्या तशाच बसून म्हणाल्या. "पोरींचा काय दोष?"

"नियम आमचा नाही. मान्यता नसलेल्या शिक्षकाकडे शिकलेल्यांना दोन वर्षं थांबावं लागतं. अगदी नवशिक्या असत्या, तर उद्यापासूनच आमच्या वर्गात घेतलं असतं. पुढच्या वर्षी स्पर्धेलाही उतरवलं असतं."

सगुणाबाईंनी कोरे अर्ज मागितले.

सुमेधाने त्यांचा हात धरला. "ताई, असं खोटं नाही लिहायचं. थांबू ना दोन वर्षं."

"दोन वर्षांत तुमची लग्नं लावतील गो घरचे. मग कुठला कराटे?"

"आम्ही नाही लिहिणार."

"नको लिहू. सही तर करशील?"

हे संवाद मला सुमेधाने सांगितले; दुसऱ्या एका विद्यार्थिनीने ते स्वतंत्रपणे जवळपास याच शब्दांत सांगितले, म्हणून इथे दिले आहेत. वर्ग त्याच आठवड्यात बंद झाला. सगुणाबाईंनी पुढे कुणालाही शिकवल्याची नोंद नाही. मी पुस्तक पाहायला गेलो, तेव्हा त्यांनी ते उंबऱ्यातच हातात ठेवलं. "घेऊन जा. परत आणू नको," एवढंच म्हणाल्या.

ठाण्यातल्या या मुलींना कराटे आधी कुणी शिकवलं, हे सिद्ध करणारा कागद मी दोन वर्षं शोधत होतो. संघटनेच्या दप्तरात बारा अर्ज सापडले. 'पूर्वीचे प्रशिक्षण व प्रशिक्षकाचे नाव' या रकान्यात बाराही ठिकाणी 'नाही' लिहिलं आहे. पुस्तकातल्या सहीशी अक्षर ताडून पाहिलं. ते सगुणाबाईंचंच आहे. अकरा अर्जांवर ते ठळक आणि सरळ आहे. सुमेधाच्या अर्जावर त्या जागी पेनच्या दाबाने कागद फाटला आहे.