लिबरेटरच्या खिडकीतला माणूस

घरातल्याच दातांच्या लॅबमधलं माझं काम कमी झालं, त्या वर्षी मी विमान करायला घेतलं. पंचवीसेक वर्षं मी चंद्रपुरातल्या डॉक्टरांसाठी कवळ्या केल्या होत्या. मग डॉक्टर मंडळी तोंडाचं चित्र कॉम्प्युटरवरून थेट नागपूरला पाठवायला लागली आणि तिकडे यंत्रच दात कापून द्यायला लागलं. माझ्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या मोडक्या कवळ्या तेवढ्या दुरुस्तीला यायच्या. सकाळी अकरालाच टेबल मोकळं. मला बसवत नसे. उठायचं, दारापर्यंत जायचं, रस्ता बघायचा, परत यायचं. आई म्हणायची, "एका जागी बस ना व. मलेच चक्कर येऊन राह्यली."

बाबांचा हवाई दलातला एकच फोटो आमच्या घरी आहे. एका अजस्र विमानाच्या पंखाखाली खाकी हाफपँटमधले चौघे उभे आहेत, डावीकडून दुसरे बाबा. विमानाच्या अंगावरचा नंबर फोटोच्या कडेला अर्धा कापला गेलाय. आम्ही भावंडं शाळेत सगळ्यांना सांगायचो, की आमचे बाबा बॉम्बरमधून उडायचे, बाजूच्या खिडकीत मशीनगन धरून उभे राहायचे. बाबा जाऊन पंधरा वर्षं होऊन गेली होती. तो फोटो एकदा भिंगाखाली धरला आणि मी त्यातच अडकले.

ते विमान लिबरेटर होतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत बनलेलं, युद्ध संपल्यावर कानपूरला मोडीत पडलेलं, आणि मग आपल्या लोकांनी दुरुस्त करून हवाई दलात घेतलेलं. एवढं कळायला फार वेळ लागला नाही. पुढचं मात्र संपेना. तयार प्लास्टिकचा संच मागवता आला असता, पण मला हातांना काम हवं होतं. अठ्ठेचाळीस फुटांना एक फूट असं माप धरलं. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत सव्वादोन फुटांच्या थोडे वर गेले. धड शिवण झाडाच्या हलक्या लाकडाचं केलं आणि आतून कोरलं. इंजिनं मेणात घडवून अ‍ॅक्रिलिकमध्ये ओतली, दातांसारखीच. खिडक्यांच्या काचा, झोपेत दात खाणाऱ्यांसाठी आम्ही ज्या पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्याची टोपणं करतो, त्याच पत्र्याच्या.

धड तीनदा केलं. पहिलं नाकापाशी जाड झालं, दुसरं शेपटीकडे वाकलं. चंदेरी रंग मारला की वाळायच्या आत आमच्या गावची कोळशाची धूळ त्यावर बसायची. मी खरवडायची, पुन्हा मारायची. नेटवर परदेशातल्या म्हाताऱ्या हौशी माणसांना पत्रं लिहायची, आणि उत्तर येईपर्यंत घरभर फिरायची. बॉम्बच्या कप्प्याची दारं बाहेर न उघडता दुकानाच्या शटरसारखी वर सरकतात, हे कळलं त्या दिवशी केलेली दारं उपटून टाकली. आत, त्या कप्प्यातून जायला वीतभर रुंदीची पट्टी होती. तिच्यावरून बाबा कसे जात असतील, याचा विचार करत मी भाजी करपवली.

आणि मी बाबांना केलं. दीड इंचालाही थोडे कमी. मेणात कोरले, कवळीच्या गुलाबी अ‍ॅक्रिलिकमध्ये ओतले, रंगवले, आणि उजव्या बाजूच्या खिडकीत उभे करून चिकटवले. आईला दाखवलं. तिनं चष्मा लावून पाहिलं आणि तांदूळ निवडायला बसली.

अर्धा नंबर सुटत नव्हता. फोटोच्या मागे बाबांच्या अक्षरात चौघांची नावं होती आणि एकापुढे गाव म्हणून वडसा लिहिलं होतं. आमच्या विहारातल्या एका बाईंचं माहेर वडशाचं. त्यांनी दोन दिवसांत निरोप आणला, की तो माणूस जिवंत आहे, राइस मिलच्या मागच्या गल्लीत मुलाकडे राहतो. मी चांदा फोर्ट स्टेशनवरून गाडी पकडली. मोसम नाटकांचा होता. वडशाच्या स्टेशनबाहेर भिंतभर नाटकांची पोस्टरं आणि प्रयोगांची जाहिरात करत फिरणारी भोंग्याची गाडी.

ते गृहस्थ ऐंशी ओलांडलेले, बारीक, पण आवाज ठणठणीत. फोटो हातात घेऊन त्यांनी चौघांवरून एकेक करत बोट फिरवलं. नंबर त्यांना आठवत नव्हता. अशी किती तरी विमानं होती, म्हणाले. मी सहज विचारलं, की बाबा उडताना कोणत्या खिडकीत असायचे, डाव्या की उजव्या.

त्यांनी फोटो खाटेवर ठेवला. मग सावकाश म्हणाले, "तुझा बाप उडत नव्हता, बाई. तो इंजिनवाला. एकच डाव बसला हवेत. खाली आला तं चाकापाशी बसून ओकला. मंग साहेबाले म्हणे, मले जमिनीवरच ठेवा. आम्ही लई चिडवलं त्याले." पुढे म्हणाले, की इंजिन सुरू झालं की नुसत्या आवाजावरून तो कोणता सिलिंडर आजारी आहे ते सांगायचा, आणि सहसा चुकायचा नाही.

परतीच्या गाडीत मला बसायला जागा होती, तरी मी दारापाशी उभी राहिले. बाबांचा राग आला होता, मग त्या म्हाताऱ्याचा, मग स्वतःचा. घरी येऊन आईला सगळं सांगितलं, तर ती शांतपणे म्हणाली, "मले माहीत होतं. लग्न झालं त्याच वर्षी सांगतलं त्यांनी."

"मग आम्हाला का नाही सांगितलं कुणी?"

"तुम्ही कधी विचारलं? तुम्हीच सांगत फिरत होते. त्यांनी एक डाव तरी म्हटलं का, मी उडलो म्हणून?"

मी आठवायचा प्रयत्न केला. खरंच, कधीच नाही. आम्ही पाहुण्यांसमोर विमानाचं सुरू केलं, की बाबा उठून अंगणात जायचे आणि सायकल पुसायला घ्यायचे. आम्हाला वाटायचं, मोठी माणसं अशीच असतात, आपली बढाई मारत नाहीत.

चार दिवस मी विमानाला हात लावला नाही. पाचव्या दिवशी खिडकी कापून बाबांना बाहेर काढलं. काढताना गुडघ्यातून पाय तुटला. मग दुसरे केले, दोन्ही हात वर केलेले, आणि त्यांच्यासाठी बांबूच्या कामट्यांची शिडी. ती तिसऱ्या इंजिनाखाली लावली आणि त्यांना वरून तिसऱ्या पायरीवर उभं केलं. आई या वेळी म्हणाली, "हं, आता दिसतात."

विमान पुरं झालं तेव्हा खोक्यात कापूस भरून ते मांडीवर घेऊन मी पुन्हा वडशाला गेले. म्हाताऱ्यांनी विमान खाटेवर ठेवून घेतलं, चहूबाजूंनी बघितलं, आणि आठ दिवस ठेवून जा म्हणाले. नाही म्हणवलं नाही. पण ते आठ दिवस माझे कसे गेले ते मलाच माहीत. दोनदा फोन केला. दोन्हीदा सून म्हणाली, सासरे काहीतरी करून राह्यले त्याच्यासंग.

नवव्या दिवशी गेले. खाटेवरचं विमान पाहून मी दारातच थांबले. चारही इंजिनांपाशी, पंखांवर, मी मेहनतीनं गुळगुळीत केलेल्या चंदेरी रंगावर काळे ओघळ होते. त्यांनी सुनेच्या डबीतलं काजळ तेलात कालवून आगकाडीनं ओढले होते. हात कापतो त्यांचा, म्हणून कुठे जाड, कुठे तुटक.

"इतकं कोरं विमान आमच्याइथी कधी उभं नव्हतं," ते म्हणाले. "तेल गळतच राहे. तुझा बाप दिवसभर तेच पुसे." मग बोटानं शिडीकडे दाखवलं. वर केलेल्या दोन्ही हातांना, मनगटापर्यंत, तेच काजळ लावलेलं होतं. तेवढं मात्र नेमकं झालं होतं, रेषेबाहेर कुठेच नाही.

 त्यांच्या सुनेनं दिलेला चहा प्यायले, खोका बांधला आणि निघाले.

विमान आता लॅबच्या टेबलावर आहे. दुसऱ्या इंजिनाचा ओघळ उलट दिशेला, पुढे गेलाय. विमान उडताना तेल वाऱ्यानं मागे जातं, पुढे कधीच नाही. दिवसातून एकदा तरी मी स्पिरिटचा बोळा हातात घेते, तो ओघळ पुसायला म्हणून वाकते, आणि बोळा परत डबीत ठेवून दारापर्यंत जाऊन येते.