डबा, मॅडम आणि मी पाठवलेला फोटो

माझा धाकटा भाऊ अरुण गेला, आणि ही बातमी त्याच्या विद्यार्थ्यांपासून मीच लपवली.

लपवायची नव्हती. परिणाम तोच.

गुरुवारी सकाळी हार्ट अटॅक, दुपारी अंत्यविधी. मधल्या वेळात शेजारच्यांनी मोबाइलवर कार्ड बनवून दिलं. हार, समई, अरूचा फोटो, वेलबुट्टीच्या अक्षरांत नाव आणि वेळ. मी ते सगळ्या ग्रुपवर टाकलं. त्याच्या क्लासच्याही.

क्लास म्हणजे उल्हासनगर कॅम्प नंबर तीनमधली, जीन्सच्या कारखान्यावरची खोली. तिथे तो अंध माणसांना कॉम्प्युटर शिकवायचा. त्याची स्वतःची दृष्टी पस्तिशीत गेली.

पडद्यावर काय आहे ते सांगतो तो स्क्रीन रीडर. त्याला तोंड म्हणून वेगवेगळे आवाज लावता येतात. अरूकडे दोन होते. विकतचा, मधाळ बाईचा, ती "मॅडम". फुकटातला, पत्र्यासारखा, तो "डबा".

मी अर्थातच मॅडमच्या बाजूची. कॉन्व्हेंटमध्ये डिक्शनची बक्षिसं घेतलेली बाई मी.

"अरू, हा डबा आमच्या सिस्टरपुढे बोलला असता तर वर्षभर वर्गाबाहेर उभा राहिला असता."

"थांब, ताई."

त्याने दोघांना बँकेचं एकच पत्र वाचायला लावलं आणि वेग वाढवत नेला. मॅडमचे शब्द एकमेकांत विरघळले. डबा खडखडत सुटला, पण एकेक अक्षर सुटं. मला नाही कळलं. त्याला कळलं.

"तू पेपर अथपासून इतिपर्यंत वाचतेस का? नजर फिरवतेस. मीही फिरवतो, कानाने. गोड आवाज पाहुण्यांसाठी."

मी कसली गप्प बसतेय. "म्हणजे तुझ्या या दोघांचं कधीच पटत नाही?"

"पटतं की. तू गुड मॉर्निंगची फुलं पाठवतेस ना, तेव्हा. मॅडम म्हणते 'इमेज'. डबाही म्हणतो 'इमेज'. संपलं. लिहीत जा गं, ताई. दोन ओळी."

मी "हो रे" म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फुलं पाठवायचे.

स्मशानात मी सारखी फाटकाकडे बघत होते. इतक्या जणांना शिकवलं, एकालाही यावंसं वाटलं नाही? मनातल्या मनात चरफडत होते. त्यांच्यावर!

शुक्रवारी लाजवंतीभाभींचा फोन. डोळे जाईपर्यंत खालच्याच कारखान्यात काजं-बटणं करायच्या. क्लासमधल्या सगळ्यात जुन्या.

"दीदी, सर फोन नहीं उठा रहे. मैं ऊपर आ गई हूँ. ताला क्यूँ है?"

"भाभी, काल ग्रुपवर टाकलं होतं मी..."

"कल? वो तो फोटो था ना, दीदी. हमको लगा किसी का बर्थडे होगा."

कुलूपबंद दारापाशी उभ्या असलेल्या बाईला मी ते फोनवर सांगितलं.

लोक म्हणतात, मनाला लावून घेऊ नका. का नको? लावून घ्यायलाच हवं.

तेव्हा ही पोस्ट. फोटो नाही, हार नाही. तुम्हीही खाली जोडलेले हात टाकू नका. डबा "जोडलेले हात, जोडलेले हात" करत बसतो. लिहा. मराठीत, हिंदीत, सिंधीत, पण लिहा.

शोकसभा रविवारी सकाळी अकरा वाजता, क्लासच्याच खोलीत. मी दहालाच येऊन कुलूप उघडेन.

भाभी, वेग हवा तेवढा ठेवा. यात सगळी अक्षरंच आहेत.

अरू, तू दोन ओळी मागितल्या होत्यास. उशिरा लिहिल्या.

नीट जा रे.