पोचे पडलेला पेला

नव्या माठाचा ओला वास आला की मला अजून धडधडतं. दहावीनंतर, कॉलेजच्या आधी, गुलबर्ग्याच्या विद्यापीठात महिनाभराच्या उन्हाळी वर्गाला गेलो, तेव्हा व्हरांड्यात असाच माठ होता आणि साखळीला बांधलेला एकच पेला.

आम्ही जनवाडा गावचे बौद्ध. निघताना माझ्या वडिलांनी, अप्पांनी, पिशवीत पोचे पडलेला जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, पेला घातला होता. "तिथल्या पेल्याला हात लावू नको. कुणी काही बोललं तर शिक्षण ऱ्हाईल."

पहिल्याच दिवशी तहान लागली म्हणून माठापुढं जाऊन उभा राहिलो. आपला पेला काढला तर जात कळणार, त्यांचा घेतला तर काय होईल कुणास ठाऊक. मागून भालकीचा एक पोरगा ओरडला, "कामून थांबलास रे? पी, न्हाईतर सरक की!"

मी साखळीचा पेला उचलला. त्यानं तोच माझ्या हातून ओढून घेतला आणि घटाघटा पाणी प्याला.

महिन्यानं घरी आल्यावर मी अप्पांपुढं त्यांचा पेला आपटला. "उगंच भ्यालाव तुम्ही."

ते नुसते हसले. सकाळी कामाला निघताना त्यांनी तो पेला नेहमीसारखा भाकरीबरोबर फडक्यात बांधला.

महिनाभर ते कामावर पाणी कशानं प्यायले, हे मी कधी विचारलंच नाही.