डावा झाला, आता उजवा

आमच्या बाबांचा धंदा पुस्तकं बांधण्याचा आणि छंद माणसांचे हात बांधण्याचा. दिवसभर बायंडिंगच्या दुकानात फाटक्या पुस्तकांच्या पाठी शिवायच्या आणि संध्याकाळी समोरच्या बॉक्सिंग क्लबात जाऊन बॉक्सरांच्या हातांना पट्ट्या गुंडाळायच्या. स्वतः त्यांनी आयुष्यात कुणाला साधी चापटसुद्धा मारली नाही. मलाही नाही, आणि मी मार खाण्याजोगी होते याला ताई साक्षीदार आहे.

पट्टी बांधायची त्यांची रीत ठरलेली. आधी डावा हात. मनगट, अंगठा, बोटांच्या मधून, मग सांध्यांवर जाड घडी आणि वरून टेप. "मूठ वळ. घट्ट होतंय?" असं विचारून झालं की "डावा झाला, आता उजवा." हे वाक्य तोंडात इतकं बसलं होतं की घरी मोजे चढवतानाही ते स्वतःलाच बजावायचे.

क्लबात नाव घेण्यासारखे हेवीवेट दोनच. एक रिंगच्या मधोमध उभा राहायचा आणि काही केल्या हलायचा नाही, म्हणून तो खांब. दुसरा तसाच अगडबंब, पण पायांनी इतका चपळ की त्याला सगळे भिंगरी म्हणत. ताईने भिंगरीशी लग्न केलं, तो माझा भाऊजी झाला आणि बाबांची पंचाईत झाली. क्लबात "अरे, इकडे ये" आणि घरी "या, जावईबापू."

दोघांपैकी पुढे कोण जाणार, यावर बाबांच्या दुकानात रोज खल चाले. शेजारचा न्हावी गिऱ्हाईक अर्धवट सोडून यायचा.

"भिंगरीचा ठोसा दिसतच नाही हो, लागल्यावर कळतो!"

"आणि खांबाच्या उजव्या हाताखाली सापडला म्हणजे?" क्लबचे मास्तर म्हणायचे. "पण लोक तिकीट काढतील ते भिंगरीसाठीच."

बाबांना विचारलं की ते खळ ढवळत सांगायचे, "भिंगरी जास्त चांगला. खांब जास्त टिकेल. खांब हात कधी खाली घेत नाही. आमचे जावईबापू लोकांना हसवायला हनुवटी पुढे करतात."

हे ताईला मिरचीसारखं झोंबायचं. "स्वतःच्या जावयाचं कौतुक करताना तुमचं तोंड दुखतं का हो, बाबा?"

मग एका बड्या आयोजकाचा निरोप आला. त्याला एकच हेवीवेट हवा होता. दोघांची लढत लावा, जिंकेल त्याच्याशी करार, असं त्याचं म्हणणं. ताईने लगेच नव्या घरासाठी पडद्यांचं कापड बघायला सुरुवात केली. घर अजून कुठेच नव्हतं, पण पडद्यांचा रंग ठरला होता.

लढतीआधी पट्ट्या बांधताना समोरच्या बाजूचा माणूस डोळ्यांत तेल घालून बघत बसतो. आत काही कडक लपवलं नाही ना, याची खात्री करून तो टेपवर सही करतो. आमच्याकडे दोघं एकाच क्लबचे आणि बांधणारेही एकच. म्हणून एकाने बांधून घ्यायचं आणि दुसऱ्याने समोरच्या स्टुलावर बसून बघायचं, असं ठरलं. मी ऑफिसातून रजा काढून बाबांच्या मदतीला उभी होते.

भाऊजींचा डावा हात झाला. खांबाने सही केली.

"डावा झाला, आता उजवा," बाबा म्हणाले.

भाऊजींनी डावाच पुढे केला.

"उजवा रे."

"हो, हो," म्हणत त्यांनी तोच बांधलेला हात आणखी पुढे सरकवला. मग आमचे चेहरे बघून हसले. "गंमत केली." पण ती गंमत नव्हती. त्यांना काय चुकलं तेच कळलं नव्हतं. गेले काही महिने ते नळ उघडा ठेवायचे, एकच गोष्ट दोनदा सांगायचे आणि आम्ही सगळे त्यांची चेष्टा करायचो.

खांब खाली बघत म्हणाला, "काका, परवा सरावातही असंच झालं होतं."

बाबांनी माझ्या हातातली कात्री घेतली आणि खांबाच्या सहीसकट ती पट्टी कापली.

लढत झाली नाही. बाहेर प्रेक्षकांत बसलेली ताई धावत आत आली. "खांबालाच पाठवायचं होतं तुम्हाला! पहिल्यापासून!" ती ओरडली. बाबा कापलेली पट्टी गोळा करत राहिले. पुढे डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, आता डोक्याला एकही ठोसा नको. ताईचं म्हणणं, सासऱ्यानेच सगळ्यांसमोर पट्टी कापल्यावर डॉक्टर दुसरं काय सांगणार? खांब करार करून गेला. जाताना तो बाबांच्या पाया पडला, तेही ताईच्या कानावर गेलं. तिने बाबांशी अबोला धरला.

भाऊजी मात्र दर सुट्टीला आमच्या घरी यायचे आणि लहान मुलासारखे म्हणायचे, "बांधा ना." ग्लोव्ह्ज नाहीत, लढत नाही, तरी बाबा पट्ट्या बांधून द्यायचे. भाऊजी थोडा वेळ मुठी वळून बसायचे, मग बाबा सोडायचे. ताई फाटकापाशी उभी राहायची, आत यायची नाही. मला तिचा राग यायचा आणि कीवही.

एका सुट्टीला ती आत आली. बाबांच्या समोरच्या स्टुलावर बसली.

डावा हात झाला.

"आता उजवा," बाबा म्हणाले.

भाऊजींनी डावा हात पुढे केला. बाबांनी ताईकडे पाहिलं नाही. पण तिने पाहिलं होतं. बराच वेळ ती त्या बांधलेल्या हाताकडे बघत बसली. मग वाकून तिने नवऱ्याचा उजवा हात उचलला आणि बाबांच्या गुडघ्यावर ठेवला.

"हा, बाबा," ती म्हणाली.

बाबांनी मनगटापासून सुरुवात केली. टेप लावून झाल्यावर त्यांनी खिशातलं पेन काढून तिच्यापुढे धरलं आणि ताईने दोन्ही हातांवर सही केली.