तारीख नसलेला कागद

इन्शिराहला नसत्या चौकशा फार. शुब्रा अल-खैमाच्या आमच्या शर्टांच्या कारखान्यात ती काज करायच्या मशीनवर, मी शेजारी बटणांवर. आज ताअमियाच्या वड्यांत कोथिंबीर कमी का, इथपासून तिला सगळं जाणून घ्यायचं असायचं.

सगळ्यात जास्त कुतूहल स्वतःच्या कागदाचं. आमच्याकडे नोकरी लागली त्याच दिवशी दोन कागदांवर सही घेत. एक रुजू झाल्याचा, दुसरा राजीनाम्याचा, तारखेची जागा कोरी. वाचायला वेळ देत नसत. मालकाची मर्जी फिरली की कारकून वगदी, ज्याला आम्ही मानानं उस्ताज म्हणायचो, कपाट उघडून तारीख टाकणार आणि आपण रस्त्यावर. यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

"माझ्या कागदावर लिहिलंय तरी काय?" बावीस वर्षं ती विचारत होती.

वगदी म्हणायचा, "देव करो नि तुला तो कधी न दिसो!"

गेल्या हिवाळ्यात तिनं नव्या मॅनेजरला विचारलं, जादा पाळीला दाराला बाहेरून कुलूप का? दुसऱ्याच दिवशी तिच्या कागदावर तारीख पडली. घरी आई अंथरुणाला खिळलेली, कमावणारी ही एकटी. मला तर रडूच कोसळलं.

पण कायदा बदलला होता. आता कामगार कार्यालयाचा शिक्का बसल्याशिवाय राजीनामा चालत नव्हता. वगदीला वाटलं, दोन मिनिटांचं काम. "गप मान हलव, चांगला दाखला देतो," असं बजावत तो तिला घेऊन गेला. सोबतीला मी.

"मादाम, हा तुम्ही राजीखुशीनं दिलाय?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"आधी वाचू तर द्या!" तिनं कागद ओढून घेतला, ओळींवरून बोट फिरवलं आणि थांबली. "इथं लिहिलंय, लग्न ठरल्यामुळे नोकरी सोडते."

"मग? अभिनंदन!"

"कसलं डोंबलाचं अभिनंदन! त्रेचाळिसावं चालू आहे, लग्न झालेलं नाही, ठरलेलं नाही. उस्ताज, नवरा कुठं ठेवलात? त्याच कपाटात?"

वगदी घाम पुसत पुटपुटला, "तेव्हा सगळ्या पोरींना तेच कारण छापलेलं असायचं."

अधिकाऱ्यानं कागदावर आडवी काट मारली. नोकरी वाचली.

परतताना मी हसत होते. ती मात्र म्हणाली, "सही केली ना, तेव्हा मलाही वाटायचं गं, याच कारणानं सोडीन."

दुसऱ्या दिवशी कपाटापुढे आम्ही चाळीसजणी. ते कागद आता कुचकामी झाले होते. वगदीनं मुकाट्यानं गठ्ठा बाहेर काढला. बायका फाडायलाच धावल्या, तशी इन्शिराह आडवी आली.

"थांबा गं! आधी प्रत्येकीनं आपापला वाचायचा."