तालमीला हिराजी हसला तेव्हा

मंडळी, आज या फळ्यावर रात्रीच्या नाटुकल्याची जाहिरात लागायची होती. तिच्या जागी हे वाचा.

मी संस्कृत शिकलेला, म्हणून बायकामुलांसमोर कोणता विनोद चालेल हे ठरवायचं काम सोसायटीने माझ्याकडे दिलं. संस्कृत नाटकांतला चावटपणा तुमच्यापैकी कुणी वाचलेला नाही, हे माझं भाग्य. सकाळी तालीम पाहिली, दोन चावट वाक्यं कापली, बाकी सगळं पास केलं.

नाटुकल्यात जमीन गेलेला एक गावकरी नव्या फ्लॅटमध्ये शिरतो आणि आपल्या शेताचा बांध शोधत बसतो. बँकेतले कुलकर्णी पंचा नेसून सोफ्याखाली रांगले, तेव्हा मी डोळे पुसावे लागेपर्यंत हसलो.

दाराशी दुधाचा कॅन घेऊन शेजारच्या शिरवणे गावचा हिराजी उभा होता. आपल्या इमारती आहेत तिथे त्याच्या घरची भातशेती होती. तोही हसत होता.

तालीम संपल्यावर मला म्हणाला, "गुरुजी, राती बाबाला आनू का बगायला? जमीन गेल्यापासून तो घरातनं भायेर पडत नाय."

"आण की," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"शेवटी त्याला शेत मिलतं ना?"

कुलकर्णी पंचा सोडत होते, ते तसेच थांबले.

"शेवट अजून बसवायचाय," मी म्हणालो.

मंडळी, हिराजीचे वडील आज पहिल्या रांगेत बसतील. त्यांच्यासमोर कुलकर्ण्यांनी सोफ्याखाली काय शोधायचं, कुणी सांगाल का?