कबर, मेलो आणि भावकूचं मटण

बेळगावच्या कॅम्पात साहेबलोकांच्या घरी भावकूनं बावीस वर्षं मटण रांधलं, पण कधी जिभेला लावलं नाही. जांबोटीकडचा माणूस, गळ्यात माळ. मिठाचा अंदाज तो वासावरून घ्यायचा, आणि मटण शिजलं का ते पातेल्याजवळ कान नेऊन ओळखायचा. अगदीच शंका आली तर बायकोला, जयाबाईला हाक मारायचा. ती चमचाभर चाखून "मीठ पायजे" म्हणायची आणि पुन्हा भांडी घासायला लागायची.

एकोणीसशे तेहतीस साली त्याच्या कॅप्टनसाहेबाला मेव्हण्यानं फ्रान्सहून बारा बाटल्यांची पेटी पाठवली. बोर्दोकडची लाल वाइन. साहेबानं भावकूला बोलावलं. रविवारी दुपारी कर्नलसाहेब जेवायला येणार, तेव्हा या वाइनला शोभेल असंच जेवण हवं, असा हुकूम झाला. ही वाइन एका द्राक्षाची नव्हे, दोन जातींचा मेळ आहे. एक कडक, एक मऊ. एक काबर्ने, एक मेर्लो, असं साहेबानं मोडक्या हिंदुस्थानीत समजावलं आणि एक बाटली चाखून बघायला दिली.

भावकू बंगल्यामागच्या आपल्या खोलीत आला तो तोंड पाडूनच.

"जया, साहेबाच्या मेव्हण्यानं काय धाडलंय बघ. एकाचं नाव कबर, दुसऱ्याचं मेलो."

"अगं बाई! मग पितात कशाला?"

"त्येच कळंना. आन् चाखायचं कुणी?"

"मटण चाखीन. कबर न्हाय चाखणार," जयाबाईनं हात झाडले. मग तिलाच धाकटा भाऊ आठवला. परशराम निपाणीला तंबाखूच्या वखारीत होता. पानाचा वास घेऊन ते कुठल्या गावच्या रानातलं ते सांगायचा, आणि कडक पानात मऊ पान किती मिसळायचं यात त्याचा शब्द शेवटचा. निरोप पोचला मात्र, शनिवारी सकाळच्या मोटारीनं परशराम हजर. असल्या कामाला त्याला दुसऱ्यांदा बोलवावं लागत नसे.

भावकूनं त्याच्यापुढं चार ताटल्या मांडल्या. परशरामानं आधी तळलेल्या माशाचा तुकडा खाल्ला, वर एक घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"दाजी, गंजका खिळा चोखल्यागत लागतंय."

मग तांबडा रस्सा. त्यावर घोट घेतल्याबरोबर डोळ्यांतून पाणी. आग विझवायला त्यानं दुसरा घोट घेतला, ती आणखी भडकली, आणि गडी रांजणाकडं धावला. तिसरा खव्याचा गोड कुंदा, त्यावर पुन्हा घोट. "ह्येची तर चिंच झाली की!" एव्हाना बाटली निम्मी झाली होती आणि परशराम न्यायाधीशासारखा बोलायला लागला होता.

शेवटी नुसतं मीठ-मिरी लावून भाजलेली बकऱ्याची तंगडी. एक घास, एक घोट. परशरामानं डोळे मिटले, मान मागं टाकली.

"परशा? काय झालं रं?" जयाबाई घाबरली.

"मेलो..." परशराम पुटपुटला.

जयाबाईनं किंकाळी फोडली आणि अख्खी कळशी भावाच्या डोक्यावर उपडी केली.

"अगं आक्का, मी न्हाय!" तो ठिबकत ओरडला. "त्यो मेलो! आधी कबर जीभ आवळतोय, चरबी लागली की सोडतोय, आन् मागनं मेलो येतोय. लई मऊ!"

रविवारी भावकूनं तंगडी भाजली. पण साहेबाच्या मडमेनं तंगडीच्या आधी मासा वाढायचं ठरवलं होतं. माशाची ताटली आली आणि कर्नलसाहेबानं पेला पुढं केला. भावकूनं बाटली छातीशी कवटाळली.

"नो साब! फिश, नो! खिळा!"

मडम लालबुंद झाली. कर्नलनं बाटली हिसकावून ओतून घेतली, घोट घेतला, आणि त्याच्या मिशा दोन दिशांना गेल्या. भावकू अदबीनं छताकडं बघत राहिला. मग तंगडी आली. कर्नलनं तीनदा वाढून घेतली आणि विचारलं, हे तुला शिकवलं कुणी?

भावकूनं स्वयंपाकघरातून परशरामाला पुढं आणलं. वाइन कशी वाटली, असं साहेबानं विचारलं.

"चांगली हाय," परशराम म्हणाला, "पर मेलो जरा कमी पडलाय."

भावकूनं तर्जुमा करून सांगितलं. टेबलावर हशा पिकला. कॅप्टनसाहेबानं गंमत म्हणून ते मेव्हण्याला कळवलं. तीन महिन्यांनी उत्तर आलं: ज्या सालची ती वाइन, त्या साली पावसानं मेर्लोचं पीक बुडालं होतं, मिश्रणात ते कमीच घालावं लागलं, हे गृहस्थ कुठल्या वाइनवाल्या पेढीचे?

त्यानंतर कॅम्पातल्या मोठ्या जेवणांना कर्नल भावकूला मागून घेऊ लागला. भावकू दाराशी हाताची घडी घालून उभा राही. नवी ताटली आली की गोरे अधिकारी पेला हातात धरून आधी त्याच्याकडं बघत, आणि त्यानं मान डोलावली तरच पीत.